कोलायटिस असताना प्रोबायोटिक घ्यायचं तर

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी, वर्षानुवर्षं राहणारी सूज. त्यासाठी मेसालामाइन या दाह कमी करणाऱ्या औषधाची चिठ्ठी घेऊन येणारे पेशंट मला हमखास विचारतात, "सोबत एखादं प्रोबायोटिक पण द्या ना, पुढे कॅन्सरची भीती नको." मी फार्मासिस्ट आहे, प्रोबायोटिक (जिवंत सूक्ष्मजीवांच्या कॅप्सूल किंवा पावडर) विकतेही. तरी आधी मीच विचारते: दुखणं सुरू होऊन किती वर्षं झाली, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, कधी केली होती?

कारण या आजारात कॅन्सरचा धोका वाढतो तो मुख्यतः दाहामुळे. अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहिलं की पेशी मरतात, नव्या भराभर तयार होतात आणि डीएनएमधल्या चुका साठत जातात. म्हणून दाह आटोक्यात ठेवणारं औषध बरं वाटल्यावरही सोडायचं नाही. आणि लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी तपासणीची कोलोनोस्कोपी करायचीच. निदान उशिरा झालं असेल तरी हिशोब पहिल्या लक्षणांपासूनच धरतात. पुढची कधी, एक वर्षाने की पाच, ते डॉक्टर धोका बघून ठरवतात. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही; निदान झाल्यापासून दरवर्षी तपासणी. शक्यतो आजार शांत असताना करा, कारण सुजलेल्या अस्तरात कॅन्सरआधीचे बदल ओळखणं अवघड जातं.

आता बॅक्टेरिया. त्यांचा या सगळ्यात हात आहे, हे खरंच. ई. कोलायचे काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते थेट डीएनएला इजा करतं. त्याच्या खुणा माणसांच्या आतड्यातल्या ट्यूमरमध्ये सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. पण म्हणून "चांगले" बॅक्टेरिया गिळले की काम झालं, असं होत नाही. प्रोबायोटिकमुळे कोलायटिसच्या पेशंटचा कॅन्सर टळतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2020 मध्ये सांगितलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजारात प्रोबायोटिक संशोधन-चाचणीतच द्यावं. मोठं आतडं काढून बनवलेल्या पाउचला सूज येते, त्यासाठी मात्र जिवाणूंच्या आठ स्ट्रेनचं (उपप्रकारांचं) एक मिश्रण त्यांनी सुचवलं आहे.

डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. जिवाणूचं नाव तीन भागांत हवं. 'लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी' यातलं शेवटचं 'जीजी' म्हणजे स्ट्रेन. तो लिहिलेला नसेल तर मी ते पाकीट परत कपाटात ठेवायला सांगते. स्ट्रेनवर एवढा भर का, ते निस्सल 1917 वरून कळतं. हा ई. कोलाय आल्फ्रेड निस्सल यांनी पहिल्या महायुद्धात एका सैनिकाच्या शौचातून वेगळा केला. कोलायटिस शांत ठेवण्यात तो मेसालामाइनच्या तोडीस उतरल्याच्या चाचण्या आहेत. आणि याच स्ट्रेनमध्ये कोलिबॅक्टिन बनवणारी जनुकंही आहेत! एकाच जिवाणूत दोन्ही गोष्टी. त्यामुळे पाकिटावर नुसतं 'गुड बॅक्टेरिया' छापलेलं असेल तर त्यातून मला काहीही कळत नाही.

मग सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या संख्येचा, आकडा बघा. तो 'एक्सपायरीपर्यंत' असा लिहिलेला हवा. 'उत्पादनाच्या वेळी' असेल तर तुमच्या हातात येईपर्यंत किती जिवंत राहिले, कोण सांगणार? फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर फ्रिजमध्येच ठेवा.

स्टेरॉइड, बायोलॉजिक किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. अशा शरीरात हेच जिवाणू क्वचित रक्तात उतरतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे तर यीस्ट आहे. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, लावलेल्या पेशंटला ते द्यायचं नाहीच, आणि त्याच्याजवळ बसून दुसऱ्यासाठी कॅप्सूल फोडायचीही नाही. हाताला लागलेली पावडर त्या नळीपर्यंत पोचू शकते.

सुरू केलंत तर त्याच आठवड्यात आहारात किंवा दुसऱ्या औषधात बदल करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. शौचाच्या वेळा, रक्त, पोटदुखी रोज दोन ओळींत लिहून ठेवा. सुरुवातीला थोडा गॅस होतो, तो चालतो. रक्त वाढलं, ताप आला किंवा वजन उतरू लागलं तर प्रोबायोटिक बंद करा, मेसालामाइन चालूच ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.