ब्रेक ऑइल भरायच्या आधी

होमबिल्ट, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानात कोणतं ब्रेक ऑइल घालायचं, हे सील (तेल अडवणारी रबरी कडी) बघून ठरवा. मागच्या वेळी मी इथेच चुकलो, म्हणून हे पहिलं. विमानाच्या बहुतेक छोट्या कॅलिपरमध्ये (चाकाची डिस्क आवळणारा भाग) नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, म्हणजे गोल सीलं असतात, त्यांना ५६०६ हे लाल खनिज तेल चालतं. मी कॅलिपरची कागदपत्रं वाचली, ५६०६ भरलं आणि निर्धास्त झालो. पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर मात्र मोटारीच्या जातीचा होता, आतलं सील ईपीडीएमचं, म्हणजे खनिज तेल न सोसणाऱ्या रबराचं. काही दिवसांनी टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) पेडल सोडलं तरी डावं चाक मोकळं होईना. उघडून पाहिलं तर सील फुगून मऊ पडलेलं. बाहेर काढलेलं पुन्हा सिलिंडरमध्ये शिरेना. तेल टाकीत परतायचं बारीक भोकच त्याने झाकलं होतं, मग दाब उतरणार कसा? हेच उतरताना झालं असतं तर विमान धावपट्टीबाहेर गेलं असतं.

म्हणून पेडलपासून चाकापर्यंत प्रत्येक सील कशाचं आहे ते शोधा. मास्टर सिलिंडरचं आधी. पार्किंग ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्येही सील असतं, ते हमखास राहतं. जुना भाग घेतला असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सुटं सील व्हर्नियरने मोजा, जे तेल भरणार त्यात आठवडाभर बुडवा, पुन्हा मोजा. फुगलं तर सील बदला नाहीतर तेल.

आता तेल. ५६०६ थंडीत छान वाहतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते) ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि ब्रेकची डिस्क त्याहून कितीतरी जास्त तापते. गळकं तेल तापल्या डिस्कवर पडलं की आग. ८३२८२ हे कृत्रिम तेल त्याच सीलना चालतं, ५६०६ मध्ये मिसळतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट २०५ अंशांच्या वर. फक्त कडाक्याच्या थंडीत दाट होतं. मी आता हेच वापरतो. डॉट ३ आणि डॉट ४ ही मोटारीची ब्रेक ऑइलं, ग्लायकॉलची: हवेतलं पाणी शोषतात, रंग उतरवतात, नायट्राइलची वाट लावतात. सगळी सीलं ईपीडीएमची असतील तरच ती घाला. स्कायड्रॉल मोठ्या विमानांचं, आपल्याला नको. खनिज तेल आणि ग्लायकॉल एकत्र कधीच नाही. चुकून झालंच तर नुसतं तेल काढून भागत नाही, नळ्या धुवा, सीलं नवी घाला.

बाकी नेहमीचंच. सीलबंद डबा, स्वच्छ पंप, पारदर्शक नळी. कॅलिपरकडून वर टाकीकडे भरत हवा काढा. पेडल दाबून धरा, जोड कोरडे आहेत ना बघा. मास्टर सिलिंडरचं सील पाहिलं नसेल तर डबा उघडूच नका. टाकीच्या झाकणावर तेलाचं नाव लिहा.