गुहेतला अधूनमधून वाहणारा प्रवाह मोजताय? या चुका टाळा

बारमाही ओढ्यावर लॉगर (दाबावरून पाण्याची पातळी आपोआप नोंदवत राहणारे यंत्र) लावला आणि नोंद शून्यावर आली, तर यंत्र बिघडले हे लगेच कळते. गुहेतला प्रवाह मात्र चार दिवस वाहतो आणि मग महिनोन्महिने गायब होतो. तिथे शून्य हीच मोलाची माहिती असते आणि ते शून्य खरे की खोटे, इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिला घोळ हवेच्या दाबाचा. साधा लॉगर पाण्याचा आणि हवेचा मिळून एकच दाब नोंदवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला, तर पाणी सुमारे १ सेंटीमीटरने हलल्यासारखे दिसते. वादळी हवेत दाब २० हेक्टोपास्कलने घसरला, तर कोरड्या खडकावरचा लॉगरही पातळी २० सेंटीमीटर उतरल्याचे बिनदिक्कत सांगतो! म्हणून दुसरा लॉगर हवेत टांगा, पुराच्या पाण्याला गाठता येणार नाही इतका उंच, आणि दोघांची घड्याळे एकत्रच जुळवा. बाहेरच्या हवेशी नळीने जोडलेला सेन्सर घेतला की हा हिशेब वाचतो खरा, पण गुहेत आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास असते. नळीतली ओल शोषणारी पुडी लवकरच निकामी होते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण आकडे अगदी बरोबर असतात. लॉगर बुडालेला राहावा म्हणून आपण तो रांजणखळग्यात ठेवतो. प्रवाह थांबतो, पण खळग्यात पाणी साचून राहते आणि आलेखात झरा आठवडे वाहत राहतो. लॉगर बसवतानाच खळग्याच्या काठाची सर्वांत खालची जागा शोधून तिची उंची सेन्सरच्या मानाने मोजून ठेवा. पाणी त्या उंचीखाली असेल तर प्रवाह शून्य, मग खाली कितीही साचलेले असो. खळगाही आटला का, हे विद्युतवाहकतेवरून, म्हणजे सेन्सरभोवतालच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून, कळते. सेन्सर उघडा पडला की ती जवळजवळ शून्यावर कोसळते. गाळात गाडलेला सेन्सर मात्र ओलाच राहतो, त्यामुळे तिथे हाही पुरावा कामाचा नाही.

पातळीवरून प्रवाह काढताना आणखी जपा. पुढची अरुंद वाट तुंबली, की पाणी मागे फुगते. पातळी चढते, प्रवाह मात्र मंदावतो. प्रवाह मोजायला आडव्या फळीत पाडलेल्या ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेवर प्रवाह खाचेच्या तळापासूनच्या पाण्याच्या उंचीच्या २.५ घाताप्रमाणे वाढतो; उंचीत १० टक्के चूक झाली तर प्रवाहात जवळपास २७ टक्के. खाचेमागे पाणी तुंबले असेल, तर हे सूत्रही लागू पडत नाही.

तासातासाने नोंद घेणे ही बचत नव्हे. चुनखडीच्या गुहेत पूर काही मिनिटांत चढू शकतो. दर ५ मिनिटांनी नोंद घेतली तरी वर्षात १,०५,१२० नोंदी होतात. लॉगर घेताना तेवढी मेमरी आहे ना, ते बघा. सेन्सरची कमाल मर्यादाही तपासा. स्लोव्हेनियातल्या श्कोत्सियान गुहांत १९६५ च्या पुरात पाणी १०० मीटरहून अधिक चढले होते. तिथे १० मीटरचा सेन्सर काय करणार?

उलट, आलेख ठरावीक वेळाने चढ-उतार करत असेल, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. फ्रान्समधला फोंतेस्तोर्ब झरा पाणी कमी असताना साधारण तासाभराच्या चक्राने वाढतो आणि ओसरतो. खडकातल्या सायफनमुळे असे घडते, असे मानले जाते.

लॉगर काढायला पावसात आत जाऊ नका. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पाण्यामुळेच अडकले होते. कोरड्या दिवसांत गेलात, की लॉगर उचलण्याआधी मोजपट्टीचा फोटो घ्या आणि वहीत वेळेसह लिहा: ‘कोरडे’, ‘साचलेले’ की ‘वाहते’.