फर्स्ट-जेन आहात की नाही? फॉर्म भरताना या चुका टाळा

अमेरिकेत कॉलेजचे फॉर्म भरायचे दिवस आले की दरवर्षी एका प्रश्नावर गाडी अडते, फर्स्ट जनरेशन कॉलेज स्टुडंट (थोडक्यात फर्स्ट-जेन, कॉलेज शिकणारी घरातली पहिली पिढी) म्हणजे नक्की कोण? प्रश्न साधा वाटतो, पण चुकीचं टिक केलं की नुकसान मुलाचंच होतं, आणि ते मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझे बाबा आयटीआय झालेले, आई दहावी. दादा माझ्या आधी कॉलेजला गेला, डिग्री घेतली, घरात पेढे वाटले. माझा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी बिनधास्त "नाही" केलं, कारण डोक्यात पक्कं बसलेलं की घरातून जो पहिला कॉलेजला जातो तोच फर्स्ट-जेन, म्हणजे दादा, मी नाही. तिसऱ्या वर्षाला एका ॲडव्हायजरशी बोलताना सहज विषय निघाला, तिनं विचारलं आईवडिलांपैकी कोणाची डिग्री आहे का, मी म्हटलं नाही, तर ती म्हणाली मग तू फर्स्ट-जेनच आहेस की! दोन वर्षं फुकट ट्युटरिंग, कोर्स कोणते घ्यायचे हे सांगणारं माणूस, आर्थिक मदतीचे फॉर्म समजावून देणारं माणूस, सगळं कॅम्पसवरच होतं आणि मी एकदाही त्या ऑफिसची पायरी चढले नव्हते. आजही आठवलं की वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट, भावंडं मोजायची नाहीत. दादा-ताई पीएचडी असले तरी तुम्ही फर्स्ट-जेन असू शकता. आजोबा, काका, मावशी यांचंही तसंच. कायदा फक्त आईवडिलांकडे बघतो. हा कायदा म्हणजे 1965 चा हायर एज्युकेशन ॲक्ट, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 8 नोव्हेंबरला त्यावर सही केली (2017 पासून 8 नोव्हेंबरला फर्स्ट-जेन दिवस पाळतात तो त्यामुळेच), आणि फर्स्ट-जेनची व्याख्या त्यात 1980 च्या दुरुस्तीत आली. ती अशी की आई आणि वडील, दोघांपैकी कोणीही बॅचलर्स डिग्री पूर्ण केलेली नसावी. "पूर्ण" या शब्दाकडे नीट लक्ष द्या, त्यावर खाली येतेच.

आपल्या मराठी घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र वेगळीच आहे. "आम्ही इथं आलेली पहिली पिढी, मुलगी अमेरिकन कॉलेजात जाणारी घरातली पहिली, म्हणजे ती फर्स्ट-जेनच ना?" नाही हो. स्थलांतराची पहिली पिढी वेगळी आणि कॉलेजची पहिली पिढी वेगळी, शब्द सारखा आहे म्हणून घोटाळा होतो. वडिलांनी पुण्याहून बी.कॉम. केलंय आणि इथं गॅस स्टेशनवर काम करतायत, तरी ती डिग्री डिग्रीच आहे, बहुतेक कॉलेजं परदेशातली डिग्री धरतात. काही जण यात पळवाट काढतात की आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं आणि फॉर्मवर तर चार वर्षांची डिग्री लिहिलंय, म्हणजे आम्ही सुटलो. असं करू नका. कायद्यातला शब्द बॅचलर्स डिग्री आहे आणि बी.कॉम. ही बॅचलर्स डिग्रीच आहे. अशा घरातल्या मुलांची अडचण खोटी असते असं मी म्हणत नाही, इथलं कॉलेज कसं चालतं हे त्या वडिलांनाही माहीत नसतं, पण ते अर्जासोबतच्या निबंधात लिहायचं, चुकीची टिक करून नाही.

याच्या उलटही होतं आणि ते मला जास्त लागतं. मी शनिवारी लायब्ररीत बारावीच्या मुलांना फॉर्म भरायला मदत करते. एक मुलगा आला, म्हणाला बाबा ग्रॅज्युएट आहेत. मी सवयीनं विचारलं, कोणत्या साली पास झाले? त्याला माहीत नव्हतं, त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबा हळू आवाजात म्हणाले, "अरे, शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते, मग नोकरी लागली, नंतर बसलोच नाही परीक्षेला." मुलगा बघतच राहिला, सतरा वर्षांत ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. विषय राहिले म्हणजे डिग्री नाही, म्हणजे कायद्याप्रमाणे तो मुलगा फर्स्ट-जेन. आम्ही कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन प्रवेश अर्ज) वडिलांच्या नावापुढे थोडं कॉलेज केल्याचा पर्याय निवडला. बाबांनी फोन ठेवताना विचारलं, याचा त्याला काही तोटा नाही ना होणार? मी म्हटलं नाही काका, उलट फायदाच आहे.

म्हणून घरी स्पष्ट विचारा, अंदाजानं भरू नका. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, आयटीआय, डी.एड., इथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री, यातलं काहीही बॅचलर्स डिग्री नाही. आईवडिलांना हे सांगायला लाज वाटू शकते, तेव्हा विचारताना जरा जपून.

एकट्या आईनं किंवा वडिलांनी वाढवलं असेल तर? याची सोय कायद्यातच आहे. नेहमी ज्या एका पालकाजवळ राहिलात आणि ज्यांनी पोसलं, फक्त त्यांचीच डिग्री बघतात. वडील इंजिनिअर होते पण लहानपणीच वेगळे झाले, आईनं बारावीवर नोकरी करून सांभाळलं, तर तुम्ही फर्स्ट-जेनमध्ये बसता. फॉर्मवर दोघांचंही शिक्षण विचारलं असेल तर खरं तेच भरा आणि जास्तीच्या माहितीच्या जागेत दोन ओळींत परिस्थिती लिहा.

आता डोकेदुखीचा भाग. कायद्याची व्याख्या एक असली तरी प्रत्येक कॉलेज तीच वापरतं असं नाही. कुठे आईवडिलांपैकी कोणी कॉलेजची पायरीही चढलेली नसावी अशी अट असते, कुठे डिग्री नाही एवढंच पुरतं. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच सर्वेक्षणातल्या मुलांना आठ वेगवेगळ्या व्याख्या लावून बघितल्या तर फर्स्ट-जेनचं प्रमाण 22 टक्क्यांपासून 77 टक्क्यांपर्यंत गेलं, मुलं तीच, फक्त व्याख्या बदलली! त्यामुळे एका कॉलेजनं नाही म्हटलं म्हणून सगळीकडे नाही समजू नका, प्रत्येक कॉलेजच्या आणि स्कॉलरशिपच्या पानावर व्याख्या शोधा, नाही सापडली तर ईमेल करा. फाफसावर (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) तर पर्यायच असे आहेत की आईवडिलांपैकी कोणीच कॉलेजला गेलं नाही, गेलं पण पूर्ण केलं नाही, पूर्ण केलं, आणि माहीत नाही. तो शेवटचा पर्याय आळसानं निवडू नका, प्लीज.

पैशाशीही गल्लत होते. फर्स्ट-जेन म्हणजे गरीब असं नाही. पेल ग्रँट, म्हणजे सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत, फर्स्ट-जेनवर मिळत नाही, ती उत्पन्न बघून मिळते. मी जे ऑफिस चुकवलं ते ट्रिओ या सरकारी मदत योजनेतल्या स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेसचं, तिथं कमी उत्पन्न, फर्स्ट-जेन किंवा अपंगत्व यातली एक गोष्ट असली तरी अर्ज करता येतो, पण किमान दोन तृतीयांश जागा कमी उत्पन्न आणि फर्स्ट-जेन दोन्ही असलेल्यांसाठी किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी असतात, तर लवकर जा. आणि याचा अर्ज वेगळा असतो, ॲडमिशनच्या फॉर्मवर टिक केली म्हणून कोणी आपणहून बोलावेलच असं नाही. भारतातून एफ-1 व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) आलेल्यांना ट्रिओ मिळत नाही, पण कॉलेजचे स्वतःचे फर्स्ट-जेन ग्रुप बऱ्याच ठिकाणी त्यांनाही घेतात, विचारून बघा.

आधीच चुकीचं भरून पाठवलं असेल तर घाबरू नका. फाफसा लॉग-इन करून दुरुस्त करता येतो. कॉमन ॲप पाठवल्यावर त्या कॉलेजसाठी बदलत नाही, मग ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करा, आपलं नाव, ॲप्लिकेशन नंबर, काय चुकलं आणि बरोबर काय, एवढ्या चार ओळी पुरतात. आणि कॉलेज सुरू झालं असेल, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, तरी ट्रिओच्या ऑफिसात जाऊन विचारा. मी तिसऱ्या वर्षाला गेले तेव्हा जागा होती, आणि शेवटची दोन वर्षं दर मंगळवारी मी तिथंच बसून अभ्यास केला.