गाईड डॉगचं पिल्लू वाढवताय? या चुका टाळा

गाईड डॉग म्हणजे अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा. असे कुत्रे तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या दोन संस्था बघा: न्यू जर्सीत मॉरिसटाऊनला ‘द सीइंग आय’ आहे, कॅलिफोर्नियात सॅन राफेलला ‘गाईड डॉग्स फॉर द ब्लाइंड’. पहिली संस्था १९२९ सालची, दुसरी १९४२ची. दोन्हींची पिल्लं स्वयंसेवकांच्या घरांत वाढतात. साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू घरी येतं आणि सव्वा-दीड वर्षाचं झालं की प्रशिक्षणासाठी परत जातं. या दोन्ही राज्यांत मराठी घरं भरपूर आहेत, आणि आपल्या घरांत होणाऱ्या चुकाही बऱ्याचशा ठरलेल्या असतात.

शी-शूसाठी अंगणात मोकळं सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पुढे हा कुत्रा ज्या अंध व्यक्तीकडे जाईल, ती पट्टा हातात धरून उभी राहते आणि कुत्र्याच्या पाठीला हात लावून पाहते. पाठ कमानीसारखी वाकली असेल तर शी, सरळ उतरती असेल तर शू. शी असेल तर त्याच जागी वाकून पिशवीत उचलायची असते. झुडपामागे जाऊन उरकायची सवय लागलेल्या कुत्र्यापुढे ती काय करणार?

म्हणून पहिल्या दिवसापासून पट्टा लावूनच न्या. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर. लहान पिल्लू दिवसा दर तासा-दोन तासांनी न्यावं लागतं, रात्रीही एकदा उठावं लागतं. जागा एकच ठेवा आणि पाच मिनिटं न हलता उभे राहा. काही झालं नाही तर दहा मिनिटं क्रेटमध्ये (पिल्लाच्या पिंजऱ्यात) ठेवून पुन्हा न्या. संस्थेने ठरवून दिलेला शब्द क्रिया सुरू होताना म्हणा. आधीपासून जप केलात तर त्याला अर्थ उरत नाही. आणि फिरायला जायचं ते उरकल्यानंतरच. उरकलं की लगेच घरात नेलंत तर पिल्लू बाहेर जास्त वेळ मिळावा म्हणून धरून ठेवायला शिकतं.

घरात चूक झालीच तर ओरडू नका. वेळ तुमची चुकलेली असते. एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनियाच्या वासाने पिल्लू पुन्हा तिथेच जातं.

‘एक तुकडा दिला तर काय होतं?’

पाहुण्यांचा हा प्रश्न ठरलेला. पोळीचा एक तुकडा ताटाखालून दिला, की पिल्लाला कळतं की माणसं जेवतात तिथे खाणं मिळतं. उद्या उपाहारगृहात टेबलाखाली बसून ते जमिनीवरचं काहीही उचलेल, आणि मालकाला ते दिसणार नाही. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, झायलिटॉल (बिनसाखरेच्या च्युइंगममधला गोडवा) हे तर विषच. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस आतड्यात अडकतं, त्यामुळे कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा.

‘उपाशी बघतंय बिचारं’ यावरही विसंबू नका. भुकेशी जोडलेला पीओएमसी जनुकातला बदल अनेक लॅब्रॅडॉरमध्ये असतो, आणि मदतनीस म्हणून काम करणाऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये तो आणखी जास्त आढळतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. कोरडं खाणं मापूनच द्या, आणि बक्षिसाचे दाणेही त्याच दिवसाच्या मापातून काढा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात.

जग दाखवण्याची घाई, किंवा टाळाटाळ

तीन ते चौदा आठवड्यांचा काळ फार मोलाचा असतो. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून घरातच कोंडून ठेवणं चूक, आणि पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाचा धोका असताना डॉग पार्कमध्ये सोडणंही चूक. उचलून न्या. बस, शाळा सुटतानाची गर्दी, छत्री, काठी, व्हीलचेअर दुरून दाखवा. कुकरची शिट्टी आणि मिक्सर घरातच आहेत. आवाज आला की एक दाणा द्या.

गटाराच्या जाळीपाशी पिल्लू थिजलं तर ओढू नका. चार पावलं मागे या. दाणा घेतंय का पाहा. घेत नसेल तर अजून मागे. जिथे दाणा घेतं, तिथून सुरुवात करा. सरकत्या जिन्यावर मात्र नेऊच नका, पंजे अडकतात.

चेंडू फेकणं

घरच्या कुत्र्याला चेंडू फेकणं ठीक. पण रस्ता ओलांडताना समोरून चेंडू घरंगळत गेला तर गाईड डॉगने मान वळवता कामा नये. चावायचं खेळणं द्या, आणि पाठलागाचे खेळ पूर्ण बंद ठेवा.

एकच आज्ञा पाच वेळा

‘सिट, सिट, सिट’ म्हटलं की पिल्लू तिसऱ्या वेळेची वाट बघायला शिकतं. एकदाच म्हणा आणि बसायला मदत करा. आजी ‘बस’ म्हणते, मुलं ‘सिट’ म्हणतात, असंही नको. संस्थेची शब्दांची यादी फ्रिजवर लावा.

अडचण लपवणं

पिल्लू परत घेतील या भीतीने अनेक जण गुरगुरणं किंवा दचकणं सांगत नाहीत. सहाव्या महिन्यात जे सुधारतं, ते चौदाव्या महिन्यात अवघड होतं. तुमच्या भागातल्या समन्वयकांना त्याच दिवशी कळवा: कशाला घाबरलं, किती फुटांवरून, आणि पुन्हा दाणा घ्यायला किती सेकंद लागले.