बेळगावची भाजी बंद झाली तर? देशाचं परावलंबन घरबसल्या कसं तपासायचं

मार्च 2020 ला सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्यात भाजीचे काय हाल झाले आठवतंय ना, बेळगावची गाडी नाही आली की बाजार रिकामा. देशाचंही तसंच आहे. पण नुसता 'आयात किती' बघून घाबरू नका, कोणाकडून येतं ते बघा.

आधी एकच वस्तू घ्या. वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर एक्सपोर्ट इम्पोर्ट डेटा बँक आहे, तिथे एचएस कोड (जगभर चालणारा वस्तूचा नंबर) टाका, पामतेल 1511, चुंबक 8505. प्रत्येक देशाचा टक्का काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. एकाच देशाकडून सगळं आलं तर 10,000, चार देशांकडून सारखं आलं तर 2,500. पाच हजाराच्या वर गेलं की मी लाल खूण करतो (हा माझा हिशोब हां, सरकारी नाही).

पण आकड्यावर थांबू नका. एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात अडवली, तेल महागलं, पण मलेशिया होता, सोयाबीन होतं आणि महिन्याच्या आत बंदी उठली पण. एप्रिल 2025 ला चीनने रेअर अर्थ (दुर्मिळ धातू) चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला तेव्हा मात्र गाडीवाल्यांची झोप उडाली, कारण गाडीच्या किमतीत चुंबक म्हणजे चिल्लर, पण ते नसलं तर इलेक्ट्रिक गाडीची मोटर फिरणार कशी?

अजून एक, मालाच्या पोटात काय आहे तेही बघा. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत औषधाच्या गोळ्या बनतात, बाहेर जातात, आपण खूश, पण औषधांचा कच्चा माल बराचसा चीनचा. 'पेनिसिलिन-जी' (अँटिबायोटिकचा कच्चा माल) आपण पूर्वी इथेच बनवायचो, स्वस्त चिनी माल आला आणि कारखाने बसले.

साठा करायचाच, पण तो आपल्या गोव्यातल्या पुरुमेंतासारखा (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला साठा), पावसाळा निघेल एवढाच. विशाखापट्टणम, मंगळूर, पादूर इथे जमिनीखाली 53.3 लाख टन कच्चं तेल मावतं, देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल एवढं. तेवढ्यात दुसरा विकणारा गाठायचा. तो आधीच जोडून ठेवावा लागतो, 2010 ला चीनकडून येणारं रेअर अर्थ अडलं, तो चटका बसल्यावर जपानने ऑस्ट्रेलियातल्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत पैसे घातले तसा. चीनकडून घेणं त्यांनीही सोडलेलं नाही.

आणि हाच हिशोब गिऱ्हाईकाचाही करा, तो कोणी करत नाही. आपलं गोव्याचं हलक्या ग्रेडचं लोहखनिज बहुतेक चीनलाच जायचं. 2012 ला खाणी बंद झाल्या त्या इथल्या आदेशाने, पण चीनचं काही अडलं नाही, ऑस्ट्रेलिया-ब्राझील होतेच, आपले ट्रक मात्र दारात उभे राहिले आणि खनिज वाहणारे बार्ज मांडवी नदीत.