गावातल्या घरजागेची वाटणी: आधी वाट ठरवा, मग हिस्से

भावाभावांत गावठाणातली जागा वाटताना सगळे आधी चौरस फुटांचा हिशेब करतात. माझा आग्रह आहे की आधी वाट ठरवावी. पुढचा हिस्सा रस्त्याला लागून आणि मागचा कोंडलेला, अशी वाटणी पुढच्या पिढीला कोर्टात नेते. मागच्या हिश्श्यासाठी बैलगाडीपुरती नव्हे, तर ट्रॅक्टर किंवा रुग्णवाहिका सरळ आत जाईल एवढी वाट सोडा. ती वाटणीपत्रात रुंदी, दिशा आणि नकाशासह लिहा. "पूर्वापार वहिवाटीप्रमाणे" एवढ्यावर भागवू नका. विहीर, शोषखड्डा, पागोळ्यांचं पाणी कुठे पडणार, हेही त्यातच येऊ द्या.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून तिच्यावरचं क्षेत्र आणि सगळ्यांची नावं तपासा. बहिणींचीसुद्धा, त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या सहीवाचून केलेली वाटणी टिकत नाही.

मग भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. मोजणीदार खुणा दाखवील तेव्हा सगळे हजर राहा आणि त्याच दिवशी दगड पुरा, चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. जागा गावठाणाबाहेर सातबाऱ्यावर असेल, तर तुकडेबंदीचे (जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचे) आणि बिनशेतीचे नियम तलाठ्याकडे आधी विचारा.