टॅपेट कव्हरचं पॅकिंग: गॅरेज लाइनला नव्यानं आलेल्या पोरांसाठी

दहावी झाली की आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून, नाहीतर तोही न करता थेट, येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, खानापूरकडची बरीच पोरं बेळगावात गॅरेजला लागतात. उद्यमबागेत फौंड्रीत जायचं की पाना धरायचा एवढंच ठरवायचं असतं. पाना धरला की आधी गाड्या पुसा, मग ऑइल बदला, आणि मग एक दिवस मिस्त्री म्हणतात, त्या मारुती आठशेचं टॅपेट कव्हर गळतंय, पॅकिंग घे बदलून. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या हेडवरचं, सगळ्यात वरचं झाकण, आणि पॅकिंग म्हणजे त्या दोघांच्या मध्ये बसून तेल अडवणारी रबराची नाहीतर कॉर्कची पट्टी. काम सोपं आहे, नाही कोण म्हणतंय, पण पॅकिंग नवं घालून पण तेल गळतच राहिलं अशी गाडी परत दारात उभी राहते ती बहुतेक वेळा ह्याच कामाची.

कारण काय, तर पोरं कव्हर दिसलं की उघडायलाच घेतात. गिऱ्हाईक येऊन सांगतो तेल गळतंय, बैलहोंगल गोकाककडचा असला तर म्हणतो ऑइल सोराकत्तैती (कन्नड शिकून घ्या बाबांनो, अर्धी गिऱ्हाइकं कन्नडच बोलतात आणि गाडीचं दुखणं त्यांच्याकडनंच कळतं), पण तेल कुठनं गळतंय हे त्याला माहीत नसतं, त्याला फक्त खाली पडलेला डाग दिसतो. तेल वरनं खाली येतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागं पण जातं, त्यामुळं चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) भिजलाय म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलणारे पण बघितलेत मी. इंजिन गार असताना डिझेल नाहीतर डिग्रीजर मारून सगळं धुवा, पेट्रोल नको, वाळू द्या, संशय आहे तिथं टाल्कम पावडर भुरभुरा आणि एक चक्कर मारून या. पावडर जिथं सगळ्यात वर भिजली तिथनं तेल येतंय. आठशे आणि मारुती ओम्नी व्हॅनमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा) हेडच्याच टोकाला कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो, तिथला ओ-रिंग (गोल रबरी सील) गेला तरी बघणाऱ्याला कव्हरच गळल्यासारखं दिसतं.

आता हे पॅकिंग जातं कशानं. रबर उष्णतेनं कडक होतं, जुन्या गाड्यांत कॉर्कचं असतं ते आकसतं, हे झालं वयाचं. दुसरं म्हणजे आधीच्या कुणीतरी आवळून आवळून ते चेपवलेलं असतं. आणि तिसरं, जे नवीन पोरांना कुणी सांगत नाही, ते म्हणजे आतलं प्रेशर. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) येतोच, तो परत इनटेककडं ओढून घ्यायला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रिदर पाइप असतो. तो काजळीनं तुंबला की गॅसला जायला वाट नाही, मग तो पॅकिंगमधनं तेल घेऊन बाहेर पडतो. म्हणून कव्हरला हात लावायच्या आधी पीसीव्ही काढून कानाजवळ हलवून बघा, खुळखुळ वाजला पाहिजे, पाइपातनं फुंकर मारून बघा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा संपल्यात, तिथं पॅकिंग नवं घातलं तरी फार दिवस टिकणार नाही, आणि हे गिऱ्हाइकाला उघडायच्या आधी सांगायचं, नंतर सांगितलं की त्याला ते निमित्त वाटतं.

उघडताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओम्नी असली तर पुढचं सीट उचलायचं, इंजिन त्याच्याखालीच आहे, म्हणून ओम्नीवाल्याला धूर दिसायच्या आधी जळक्या तेलाचा वास येतो. हा वास हलक्यात घेऊ नका, गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर) तेल सारखं पडत राहिलं तर पेट घेऊ शकतं. कार्बोरेटरची गाडी असेल तर एअर क्लिनर काढल्या काढल्या कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा. प्लगच्या वायरी काढायच्या झाल्या तर आधी खुणा करा, आठशेला तीनच सिलिंडर आहेत, फायरिंग (ठिणगी पडायचा क्रम) 1-3-2, तरी पण वायरी अदलाबदल करणारे असतात. ब्रिदर पाइप जुना असला की कडक झालेला असतो, ओढला की तुटतो, तेव्हा आधीच नवीन आणून ठेवलेला बरा, संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या टायमाला धावपळ नको.

बोल्ट बाहेरच्या बाजूनं आत, थोडे थोडे ढिले करत या. कव्हर चिकटलेलं असतं तेव्हा पेचकस घालून उचकटायचा मोह होतो, तो आवरा, अॅल्युमिनियमच्या फेसवर (पॅकिंग बसतं त्या सपाट कडेवर) एक चरा पडला की तिथनं कायमचं तेल येणार. लाकडाच्या ठोकळ्यानं बाजूनं टकटक करा, सुटतंय. आत काळं डांबरासारखं साचलंय म्हणजे मालक ऑइल वेळेवर बदलत नाही. झाकणाखाली पांढरट साय असली तर लगेच हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं, पाणी तेलात आलं म्हणून ओरडू नका, आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस धरून असतो आणि कँपातनं टिळकवाडीपर्यंतच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघून मग बोला. आणि कव्हर उघडलंच आहे तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून घ्या, माप त्या गाडीच्या मॅन्युअलमधलं, ऐकीव नको.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला द्यायचा. हेडमधली तेल खाली जायची भोकं फडक्यानं बंद करा, फडकी किती घातली ते मोजा, काढताना तेवढीच निघाली पाहिजेत. जुनं पॅकिंग आणि जुनं सिलिकॉन (ट्यूबमधलं, फट बुजवायचं) प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, पॉलिश पेपर मारू नका, त्याची पूड आत गेली की कॅम खाते. पत्र्याचं कव्हर असेल तर काचेवर पालथं ठेवून बघा, बोल्टच्या भोकाजवळ आवळून पत्रा खाली दबलेला असतो, तो हळू ठोकून सपाट करायला लागतो, नाहीतर नव्या पॅकिंगचा उपयोग नाही.

सिलिकॉनचं एक मला पटत नाही. पोरं पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी लोण्यासारखं थापतात, वर म्हणतात सेफ्टी म्हणून. रबर पॅकिंगला तेलकट सिलिकॉनवर पकड मिळत नाही, ते घसरतं, आणि आत आलेली गुठळी तुटून स्ट्रेनरला (तेल ओढायच्या जाळीला) जाऊन बसली की ऑइल पंपाला तेल कमी पडतं, म्हणजे एका पॅकिंगच्या कामात इंजिन जाम व्हायची पाळी. लावायचंच तर कोपऱ्यात, जिथं कॅमचे होल्डर आणि हेड एकत्र येतात तिथं एक थेंब, आणि वाळायला वेळ द्यायचा. बाकी फेस कोरडा ठेवा. ज्या गाड्यांचे प्लग कव्हरच्या मधोमध नळीत बसतात त्यांचे नळीचे सील आणि बोल्टखालचे रबर वॉशर पण बरोबरच बदला, नाहीतर प्लगच्या खड्ड्यात तेल साठून गाडी मिसिंग करते आणि दोष नव्या पॅकिंगला लागतो.

आवळताना मधनं बाहेर, आडवेतिडवे, दोन तीन फेऱ्यांत. बहुतेक छोट्या गाड्यांत हे 10 च्या पान्याचे बारीक बोल्ट असतात, 5 ते 10 न्यूटन मीटर एवढीच ताकद लागते, म्हणजे टी पाना नुसता बोटांनी फिरवायचा, दांडा लावून लोंबकळायचं नाही. तगड्या पोरांनी इथं जास्त जपायचं, कारण अॅल्युमिनियमचे आटे गेले की हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) मारायला लागतं आणि ते बिल गिऱ्हाईक देत नाही.

गाडी चालू करून तापू द्या, टॉर्च घेऊन मागची बाजू बघा, तिथंच पहिला थेंब येतो. कॉर्क असेल तर गार झाल्यावर एकदा हलकं आवळा, रबर असेल तर हात लावू नका. जुनं पॅकिंग फेकू नका, गिऱ्हाइकाच्या हातात द्या, वाकवून बघू दे त्याला, कट्कन मोडतं, मग पैसे देताना वाद होत नाही. आठवड्यानं गाडी दाखवून जा म्हणून सांगा, आणि खरंच आला तर आधीच्या जागी परत पावडर टाकून बघा.